मावशींच्या वाट्याचा पुठ्ठा विकू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही कोथरूडला तीन इमारतींच्या सोसायटीत राहतो, चौसष्ट फ्लॅट आहेत. गेली नऊ वर्षं माझ्या घरात ओला आणि सुका कचरा वेगळा होतो. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवते. समोरच्या फ्लॅटमधून मात्र एकाच काळ्या पिशवीत भात, काचा, डायपर असं सगळं येतं. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दोन्ही घरांकडून महिन्याला सारखेच पैसे घेतात. यंदा मी खजिनदार आहे. काही तरुण सभासदांनी प्रस्ताव आणलाय: खाली वजनकाटा लावायचा, न निवडलेल्या कचऱ्याला किलोमागे पैसे लावायचे, सगळा सुका कचरा सोसायटीनं एका खासगी कंपनीला विकायचा आणि येणारी रक्कम नीट निवडणाऱ्या घरांच्या मेंटेनन्समधून वजा करायची. मग मावशींची गरजच उरणार नाही, असं ते म्हणतात. आधी मला बरं वाटलं, कुणाला तरी आमची कदर आली. पण मावशी चौदा वर्षं येताहेत, त्या विचारानं झोप लागत नाही. समोरच्या काकूंचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत. मी रागाच्या भरात त्यांच्या दारावर चिठ्ठी लावली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. मी काय भूमिका घेऊ? आणि महापालिका आमच्यासारख्यांना काही सूट देते का?"

उत्तर:

ताई, नऊ वर्षं दुधाच्या पिशव्या वाळवणाऱ्या बाईला राग येणारच. जो कमी कचरा करतो, निवडून देतो, त्याला पैशातही फरक दिसावा, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तुमच्याकडच्या तरुण मंडळींचा हेतूही चांगला आहे. माझं अडतं ते एकाच ठिकाणी. तुम्हाला मिळणारं बक्षीस कुणाच्या खिशातून निघतंय, हे त्या प्रस्तावात कुणी पाहिलेलं दिसत नाही.

आपल्याकडे कचऱ्याचं शुल्क घरावर लागतं, टोपलीवर लागत नाही. पुण्यात प्रत्येक घरामागे महिन्याचा ठरलेला आकडा असतो. मुंबई महापालिकेनं एप्रिल २०२५ मध्ये कचऱ्याच्या नव्या उपविधींचा, म्हणजे नियमांचा, मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात घराच्या आकारावर पैसे होते: ५० चौरस मीटरपर्यंत महिन्याला १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरला ५०० आणि त्याहून मोठ्या घराला १,०००. मोठ्या घरात एकटी राहणारी, आठवड्याला मूठभर कचरा करणारी आजी त्यात पाचशे भरणार, आणि छोट्या घरातला सगळं एकत्र फेकणारा शंभर. तुमच्या जिन्यातली तक्रार तीच आहे, फक्त मुंबईएवढी मोठी.

तैपेई शहरातही एके काळी असंच होतं. तिथे कचऱ्याचे पैसे पाण्याच्या बिलातून कापले जात. जितकं पाणी वापराल तितकं कचऱ्याचं शुल्क! १ जुलै २००० पासून त्यांनी ते बंद केलं आणि शहराच्या ठरावीक पिशव्या विकायला सुरुवात केली. उरलेला कचरा त्या पिशवीतच द्यायचा, पिशवीच्या किमतीतच शुल्क आलं. पुनर्वापराच्या वस्तू मात्र कितीही द्या, पैसे नाहीत. म्हणजे बाटली निवडून बाजूला काढली की तेवढी पिशवी वाचली. दक्षिण कोरियानं १ जानेवारी १९९५ पासून देशभर हीच पद्धत आणली होती. पुढे तिथल्या अनेक गृहसंकुलांत उरलेल्या अन्नासाठी कार्ड लावून उघडणारे डबे बसले. डबा उघडतो, वजन होतं आणि त्या घराच्या नावावर रक्कम चढते. तुमच्या तरुणांनी वजनकाट्याची कल्पना अशाच कुठल्या तरी ठिकाणाहून उचलली असावी, आणि त्यात वावगं काही नाही.

पण तैपेईत हे जमलं त्यामागे एक साधी गोष्ट होती. तिथे गाडी गाणं वाजवत ठरल्या वेळी येते, माणसं पिशवी हातात घेऊन खाली उतरतात आणि स्वतः गाडीत टाकतात. रस्त्यावर पिशवी ठेवून जायची मुभा नाही. आपल्या घंटागाडीसारखंच, फक्त शिस्त कडक आणि पिशवीला पैसे. देणारा आणि घेणारा समोरासमोर आले की लपवाछपवीला फार जागा उरत नाही.

ती जागा उरली की काय होतं, तेही ऐका. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं गाव आहे. १९९२ च्या जुलैत तिथे प्रत्येक पिशवीला ८० सेंट लावले. दोन अर्थतज्ज्ञांनी ७५ घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. पिशव्यांचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र फक्त १४ टक्क्यांनी. लोक पिशवीत पाय घालून कचरा दाबत होते! आणि जी घट दिसली तिचाही एक भाग दुसरीकडे नेऊन टाकलेला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

कोथरूडमध्ये तो दुसरीकडचा कोपरा कुठला, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्कूटरच्या पायाशी काळी पिशवी ठेवून ऑफिसला निघालेला माणूस वळणावर ती भिरकावतो आणि मागं वळून बघतही नाही. किलोमागे पाच रुपये लावलेत तर तुमच्या चौसष्टपैकी चार-पाच घरांच्या पिशव्या त्या वळणावर जातील. काटा तेवढा कमी दाखवेल आणि तुम्ही सभेत यश आलं म्हणून सांगाल. म्हणून काट्याला माझा विरोध आहे. आणखी एक कारण आहे, तुमच्या समोरच्या काकूंचं. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

आता मावशींचं, कारण खरा प्रश्न इथेच आहे.

पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बहुतेक बाया पूर्वी रस्त्यावर आणि कचराकुंडीत हात घालून भंगार वेचायच्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यांची संघटना झाली, ओळखपत्रं मिळाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्या व्यवस्थेत मावशींची कमाई दोन पायांवर उभी असते: घरोघरी मिळणारं शुल्क आणि निवडलेल्या सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे. महापालिका त्यांना महिन्याचा पगार देत नाही. तुमचे तरुण सभासद हे दोन्ही पाय एकाच ठरावात काढून घेताहेत.

मी एकदा आमच्या कचरा नेणाऱ्या ताईंजवळ त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये दोन तास बसले होते. पसरलेल्या पोत्यावर कचरा ओतला होता. त्या एक एक वस्तू उचलून बघत नव्हत्या, हातच ओळखत होता. प्लास्टिकचा तुकडा मुठीत चुरगाळायचा आणि आवाजावरून ठरवायचं की तो कुठल्या ढिगात जाईल. कडकड वाजला तर इकडे, मऊ राहिला तर तिकडे. पुठ्ठ्याचा एक मोठा खोका आला, टीव्हीचा असावा. त्यांचा चेहरा खुलला. उलटा केला तर आतून आमटी लागलेली. 'गेला,' म्हणाल्या, आणि भिजलेली बाजू फाडून टाकली. उरलेल्या कोरड्या अर्ध्याची घडी घातली. त्याच दुपारी फुटलेल्या ट्यूबची काच त्यांच्या तळव्यात शिरली. ती कुणाच्या घरातली होती हे त्यांना नेमकं माहीत होतं, पण नाव त्यांनी घेतलं नाही.

तुम्ही धुऊन वाळवलेली पिशवी त्या हातात पडते, ताई. नऊ वर्षांत तुमच्या घरचा कोरडा कागद, अख्ख्या बाटल्या, स्वच्छ डबे यांतून त्यांना जे चार पैसे जास्त मिळाले, ते तुमच्या निवडण्यामुळे मिळाले. तुमच्या कष्टाचा मोबदला कुणालाच मिळत नाही असं तुम्हाला वाटतंय. तो मिळतो, पण मावशींच्या हाती.

तुम्ही खजिनदार आहात, हिशेब करून बघा. समजा सोसायटीच्या सुक्या कचऱ्याचे महिन्याला ३,२०० रुपये आले. चौसष्ट घरांत वाटले तर घरामागे ५० रुपये. तुमच्याकडे त्यात दोन लिटर दूधही येणार नाही. मावशींच्या घरी ३,२०० म्हणजे महिन्याचा किराणा. शिवाय ती खासगी कंपनी काय काय उचलणार, हे विचारा. पुठ्ठा, रद्दी, धातू घ्यायला सगळे येतात. चिप्सची चकचकीत पाकिटं, फाटक्या चपला, थर्माकोल, डायपर कोण नेणार? त्यासाठी परत मावशींनाच बोलवावं लागेल, आणि तेव्हा त्यांच्या वाट्याला फक्त ज्याला किंमत नाही तेवढंच उरलेलं असेल.

सभेत कुणीतरी म्हणेल की मिळकत कराच्या बिलात सफाईचे पैसे आपण भरतोच, मग मावशींना वेगळे कशाला? हा प्रश्न दरवेळी येतो. बिलातले पैसे महापालिकेच्या तिजोरीत जातात, त्यातून रस्ते झाडणं, वाहतूक, प्रक्रिया हे चालतं. तिसऱ्या मजल्यावर चढून तुमच्या दारातून डबा उचलण्याचे पैसे हे महिन्याचं शुल्क आहे. आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी शुल्क देणं आणि कचरा वेगळा करून देणं, या दोन्ही गोष्टी कचरा करणाऱ्याच्याच जबाबदाऱ्या ठरवल्या.

मग सूट कुठून काढायची? ओल्या कचऱ्यातून.

पुणे महापालिका मिळकत करात सवलत देते. गांडूळ खत प्रकल्प, सौर ऊर्जा आणि पावसाच्या पाण्याचं संधारण, यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. अट अशी की प्रकल्प चालू पाहिजे. तपासणीत बंद सापडला तर सवलत जाते, आणि अनेक सोसायट्यांचे प्रकल्प कागदावरच आहेत ही पुण्यातली उघड गोष्ट आहे. तुमच्या गच्चीवर सौर बंब आहेत का, पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडलंय का, हे पत्रात नाही. असेल तर एका खत प्रकल्पानं तुमचं काम ५ वरून १० वर जाईल. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज, लागणारी कागदपत्रं आणि बिलातल्या नेमक्या कुठल्या रकमेवर सूट धरतात, हे आधी विचारून घ्या. सभेत आकडा सांगायचा तर एखाद्याचं खरं बिल हातात घेऊन सांगा. लोक टक्क्यानं हलत नाहीत, रुपयानं हलतात.

ही सवलत प्रत्येक फ्लॅटच्या बिलात उतरते. न निवडणाऱ्याच्याही. तुम्हाला ते खुपेल, मला ठाऊक आहे. पण त्याचाच उपयोग करून घेता येतो. खताच्या खड्ड्यात प्लास्टिक आलं की खत बिघडतं आणि प्रकल्प बंद पडतो. तो बंद पडला की चौसष्ट जणांची सूट जाते. आत्तापर्यंत मिश्र पिशवी ही तुमची एकटीची डोकेदुखी होती. आता ती सगळ्यांच्या बिलाची होईल.

खताचं काम सोपं नाही, हेही आधीच सांगते. घरामागे अर्धा किलो ओला कचरा धरला तरी तुमच्याकडे रोज ३२ किलो होईल. आमच्या सोसायटीत पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरलं, वास सुटला, अळ्या भिंत चढून जिन्यापर्यंत आल्या आणि तळमजल्यावरच्यांनी खड्डा बुजवायची मागणी केली. चूक आमचीच होती. फक्त ओलं टाकत गेलो, कोरडं काहीच नाही. नंतर वर पत्रा घातला आणि वाळलेल्या पानांचं पोतं खड्ड्याशेजारीच ठेवायला लागलो. दर दिवशीच्या ओल्या थरावर पानांचा एक थर, आठवड्याला एकदा खालवर करायचं, आणि मुठीत दाबल्यावर पाणी गळलं तर आणखी पानं. वास गेला. गांडुळं लगेच सोडू नका. ताजा ढीग तापतो, त्यात ती मरतात. पंधरा-वीस दिवसांनी तो निवला की सोडा. दोन खड्डे करा, एक भरत असताना दुसरा पिकतो. पानं जाळणाऱ्या माळ्याला सांगा की इथून पुढे एकही पान जळणार नाही.

आणि हे काम कोणी करायचं? मावशींना विचारा. रोज अर्धा-पाऊण तासाचं वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे ठरवा. करात वाचेल त्यातून ते निघतील, वर काही उरेलही. ३२ किलो ओला कचरा ढकलून गाडीपर्यंत नेण्याचं त्यांचं ओझंही कमी होईल. कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याचा वास आणि खराब झालेल्या विहिरी किती वर्षं सोसल्या, किती वेळा गाड्या अडवल्या, ते तुम्ही वाचलं असेल. तो वास, ते पाणी, सडणाऱ्या ओल्या कचऱ्याचंच होतं.

आता समोरच्या काकू. सभेच्या आधी त्यांच्याकडे जा. या पत्रातलं हे एकच काम मी तुम्हाला आजच करायला सांगेन.

तुम्ही लिहिलंय, पिशवीत भात आणि डायपर एकत्र. मला त्यात निष्काळजीपणा दिसत नाही, एकटी बाई दिसते. पहाटे पाचला नवऱ्याला कुशीवर वळवायचं, बदलायचं, पुसायचं, मग चादर, मग पेज. दोन हातांत जे येईल ते जवळच्या पिशवीत जातं. त्या पिशवीचं वजन करून किलोमागे पैसे लावले तर तुमची सोसायटी आजारपणाला दंड लावेल. जर्मनीत वजनावर किंवा पिंपावर कचऱ्याचे पैसे घेणाऱ्या अनेक गावांनी हे ओळखलंय. तान्ह्या बाळांच्या आणि अंथरुणावरच्या रुग्णांच्या डायपरसाठी तिथे वेगळी पिशवी फुकट किंवा स्वस्तात देतात.

जाताना जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक लाल मार्कर न्या. डायपर कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे मावशींना न उघडता कळतं. पुण्यात ही खूण कचरावेचकांच्या ओळखीची आहे. झाकणाची एक बादली त्यांच्या दाराबाहेर फक्त डायपरसाठी ठेवा. कागद कापून, घड्या घालून तुम्हीच महिन्याचा साठा करून द्या, दुपारच्या अर्ध्या तासाचं काम आहे. पण हे सगळं नंतर. आधी चिठ्ठीबद्दल बोला. 'काकू, मी लिहायला नको होतं, चुकलं माझं,' एवढंच. कारणं देऊ नका. त्या चहा ठेवतील किंवा ठेवणार नाहीत. ठेवला नाही तर गठ्ठा देऊन परत या आणि चार दिवसांनी पुन्हा जा.

सभेत तुम्ही उभं राहून प्रस्ताव फेटाळू नका, दुरुस्ती सुचवा. कचरा निवडला की सूट, ही कल्पना ठेवा. सूट कराच्या सवलतीतून, ती मेंटेनन्सच्या बिलात वेगळ्या ओळीनं दाखवायची, म्हणजे प्रत्येकाला दर महिन्याला दिसेल. मावशींचं शुल्क आणि सुका माल, दोन्हींना हात लावायचा नाही. पहिले तीन महिने कुणालाही दंड नाही, मिश्र पिशवी आली तर मावशींनी ती दारातच ठेवायची आणि इमारतीतल्या एकानं त्या घरी जाऊन बोलायचं. हे काम मावशींवर टाकू नका, 'तुमचा कचरा नीट नाही' हे दारात उभं राहून सांगणं त्यांना परवडत नाही. तीन महिन्यांनंतरही धडधाकट माणसांचं एखादं घर ऐकत नसेल तर दंडाचा विचार करा, पण सोसायटीचे उपविधी उघडून बघा आणि रीतसर नोटीस द्या, त्या सभासदाचं म्हणणं ऐकून घ्या, सभेचा ठराव करा. नाहीतर एकाच तक्रारीत सगळं उलटेल.

वजनकाटा आणलाच असेल तर वाया घालवू नका. खड्ड्याजवळ ठेवा. रोज किती ओला कचरा आत गेला आणि किती खत बाहेर आलं, याची वही ठेवा. तपासणीला माणूस आला की ती वहीच दाखवायची. ज्या मुलानं काट्याची कल्पना मांडली त्यालाच वहीची जबाबदारी द्या, तो मनापासून करेल.

आणि सभा रविवारी सकाळी दहाला ठेवू नका, त्या वेळी मावशी गल्लीत कामावर असतात. संध्याकाळी पाचला ठेवा, त्यांना आधी सांगा आणि पुढच्या रांगेत खुर्ची द्या. रोज चौसष्ट घरांचा कचरा हाताळतात त्या, कुठल्या मजल्यावर काय अडतंय हे त्यांच्याइतकं तुमच्या कमिटीत कुणालाच माहीत नाही.